कोऱ्या घोंगडीचा कोट

माझी बायको आम्रपाली पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये वारली. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. बारा दिवसांत सगळं संपलं. ती तेहतीस वर्षांची होती. मी सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात लेथवर टर्नर आहे. लिहायची मला सवय नाही. पण ही गोष्ट मी सोडून दुसऱ्या कुणी सांगितली तर ते मला चांगला तरी म्हणतील नाहीतर वाईट तरी. मी काय केलं तेवढं सांगतो.

आम्रपाली घरी ब्लाउज शिवायची. तिला फॅशन डिझायनर व्हायचं होतं. गल्लीतल्या बायका हसायच्या. "आधी माझ्या ब्लाउजचा गळा नीट काढ, मग डिझायनर हो," असं एकीनं तोंडावर म्हटलं होतं. पण तिनं मे महिन्यात विश्रामबागेतल्या रेवती मॅडमच्या क्लासला नाव घातलं. कोर्स एक वर्षाचा. ती तीनच महिने जाऊ शकली.

त्या तीन महिन्यांत तिनं कागदावर एक कोट काढला. तिचं माहेर दहिवडीजवळ, माण तालुक्यात. शेजारी बिराप्पा नावाचा धनगर मागावर घोंगड्या विणायचा. ही लहानपणापासून त्याच्या मागाजवळ बसलेली. एक दिवस जेवताना म्हणाली, "आवं, घोंगडीचा बायकांचा कोट केला तर?"

"टोचंल की."

"आतनं अस्तर लावीन. बाहेरनं काळं-पांढरं घोंगडं, काठ हिथं पुढं उभा. थंडीत साडीवर घालायला."

घरात मापाला पुतळा नव्हता, म्हणून पुतळा मी झालो. छातीला दोन टॉवेल बांधून मला उभं करायची आणि हलू द्यायची नाही. माझा उजवा खांदा अर्धा इंच उतरता आहे. पोरवयात लोणंदच्या बाजारात पोती उचलली, त्यानं तो तसा झाला. तिनं खाकी कागदावर नमुना कापला तोही माझ्या खांद्याप्रमाणे, एका बाजूला उतरता. "हे मागनं सारखं करायचं हाय," म्हणाली. चित्रं आणि कागदाचे नमुने असलेली फाइल तिनं डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी मॅडमकडे दिली. चौथ्या दिवशी तिला ताप आला. खांदा सारखा करायचा राहिला.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी फाइल मागायला गेलो. मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "फाइल? अहो, तिनं माझ्याकडे काही दिलंच नव्हतं. घरीच कुठं असेल, बघा." मी घरी येऊन ट्रंका उपसल्या. माझा विश्वास बसला होता.

डिसेंबरमध्ये पायल घरी आली. ही आम्रपालीबरोबर क्लासला होती, वीसेक वर्षांची, बोलायला तिखट. म्हणाली, "भावजी, प्रदर्शन बघायला या. मी काय सांगत नाही. तुमीच बघा."

मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं. स्टेजवर मधोमध एका पुतळ्याला घोंगडीचा कोट घातला होता. काठ पुढं उभा. खाली पाटी, 'संकल्पना: रेवती मॅडम'. मी जवळ जाऊन दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. उजवा खांदा अर्धा इंच खाली होता. तो माझा खांदा होता.

लोक टाळ्या वाजवत होते. मला ओरडायचं होतं. पण माझ्याकडे पुरावा काय, तर एक खांदा. तो कुणाला दाखवणार? मी बाहेर येऊन सायकलजवळ उभा राहिलो आणि तिथंच ठरवलं. ह्या मॅडमचं काम शिकायचं आणि त्याच कामात तिला आडवी करायची.

सोमवारी क्लासला गेलो. म्हणालो, "मॅडम, तिचे नऊ महिने राहिलेत. तिच्या जागी मला बसवा."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही? इथं सगळ्या मुली आहेत."

"गावाकडं शिंपी गडीच असत्यात की मॅडम."

त्या कोटाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे मला काही कळलेलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. आणि मेलेल्या बाईची जागा तिच्या नवऱ्याला नाकारायला त्यांची जीभ रेटली नाही.

मग मी शिकलो. पहिली पाळी तीनला सुटायची, चारला क्लास. पहिले पंधरा दिवस मशीनला दोरा नाही. कागदावर रेघा मारून त्यावरून नुसती सुई चालवायची. हातात सुई धरली की मुली बघायच्या, कारण माझी बोटं जाड आणि काळी, वंगण नखात बसलेलं. पायल म्हणायची, "भावजी, सुई हाय ती. पाना न्हवं." चित्रं काढायला शिकवलं तेव्हा मॅडमनी बाईची आकृती आठ डोक्यांएवढी उंच काढायला सांगितली. मी मोजून पाहिलं, माणूस साडेसात डोकी तरी कसाबसा भरतो. विचारलं, "मॅडम, असली बाई कुठल्या गावात असती?" सगळ्या हसल्या. मी तीनशे बायका काढल्या. पहिल्या दोनशे बाहुल्यांसारख्या झाल्या.

पण नमुने कापायला लागल्यावर मी पुढं गेलो. लेथवर मी रोज ड्रॉइंग वाचतो. अर्धं सूत चुकलं तर जॉब भंगारात जातो. कापडाचा उभा धागा, आडवा धागा, गोल गळ्याला तिरप्या धाग्याची उरेब पट्टी का लावायची, बाहीची गोलाई बगलेत का बसत नाही, हे मला इतरांआधी कळायला लागलं. पुतळ्यावर नुसतं कापड टाकून, टाचण्या लावून अंगरख्याचा आकार काढायला मी रविवारीही क्लासवर जाऊन बसायचो. कापड खाली ओढतं कुठं, थांबतं कुठं, हे हाताला समजतं. मला ते आवडायला लागलं. हेही सांगायला हवं. राग घेऊन गेलो होतो, पण काम आवडायला लागलं होतं. राग मात्र कमी झाला नाही. काम जसं कळत गेलं तसं आम्रपालीनं त्या फाइलमध्ये काय केलं होतं ते कळत गेलं, आणि राग वाढला.

जूनपर्यंत मॅडम कापायचं काम माझ्याकडे द्यायला लागल्या. "मिलिंदच्या कात्रीला हात लावायचा नाही," असं मुलींना सांगायच्या.

त्याआधी मार्चमध्ये भरतेशअण्णा क्लासवर आले होते. सांगलीचे कापडाचे मोठे व्यापारी. तोंडात सुपारी, बोलणं सावकाश. प्रदर्शनातला कोट त्यांनी पुण्याच्या एका दुकानाला दाखवला होता. त्या दुकानाला दिवाळीच्या थंडीसाठी तीस कोट हवे होते. मॅडमचा चेहरा उजळला. पुण्याच्या दुकानात आपलं नाव लागणार.

घोंगड्यांचं बिराप्पाला सांगायला मलाच पाठवलं. सासुरवाडीचा माणूस म्हणून. त्यानं आणि त्याच्या भावांनी चार मागांवर चार महिने विणलं. जुलैत मी माल आणायला एसटीनं गेलो. बिराप्पा सत्तरीचा. घोंगड्यांची थप्पी लावून बसला होता. नवी घोंगडी फळीसारखी कडक असते, कारण विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात.

तो म्हणाला, "पावणं, त्या बाईला सांगा. कात्री लावायच्या आदी दोन दिस भिजत घालायचं. खळ सारी गेली पायजे. मग उनात वाळवायचं. कापड हातभर आटतंय. आमरीला हे सांगाय लागत नव्हतं."

"व्हय," मी म्हणालो.

मला ते माहीतच होतं. आम्रपालीनं नमुन्यासाठी आणलेलं घोंगडं दोन दिवस पिंपात भिजवलं होतं. सगळ्या चाळीत ओल्या मेंढरांचा वास. शेजारीण येऊन विचारून गेली होती, "मेंढरं पाळली का काय गं?" पण फाइलमध्ये तिनं ते लिहिलं नव्हतं. तिच्या गावात हे पोरासोरांना माहीत असतं. भात शिजवायच्या आधी धुवायचा, असं कोण लिहून ठेवतं?

ऑगस्टमध्ये कापायला घेतलं. सगळा क्लास टेबलाभोवती. मॅडमनी खाकी नमुना आणला. तो आम्रपालीच्या हातचा नव्हता, वरून उतरवून घेतलेला होता. पण रेघ न् रेघ तिची.

मी विचारलं, "मॅडम, उजवा खांदा अर्धा इंच खाली का हाय?"

मॅडमनी पट्टी ठेवून बघितलं. मग म्हणाल्या, "ती स्टाइल आहे. याला असिमेट्री म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या की डोळ्याला कंटाळा येतो. लिहून घ्या गं."

पंधरा मुलींनी वहीत लिहून घेतलं. मीपण लिहून घेतलं. माझा उजवा खांदा आणखी अर्धा इंच उतरला असेल तेव्हा.

मग पायलनं विचारलं, "मॅडम, अस्तर आपण भिजवून घेतो. घोंगडी न्हाई का भिजवायची?"

मॅडम हसल्या. "अगं, घोंगडी कुणी धुतं का? उन्हात टाकायची, झटकायची. तुझ्या आजोबांनी कधी धुतली होती?"

"न्हाई. आजोबा स्वतःच कमी धुवायचे."

सगळ्या खदखदल्या. मॅडमनी घोंगडीवर हात फिरवला. ती तशीच कडक उभी राहत होती, म्हणून त्यांना फार आवडली होती. "बघा कसा ताठ पडतो. हे पाण्यात घालून घालवायचं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण मिलिंद, तुम्ही तिथं गेला होतात. विणणारा काही म्हणाला का?"

मला खोटं बोलायची तयारी करायला वेळ मिळाला नाही. तरी तोंडातून सरळ आलं.

"न्हाई."

"बघ," मॅडम पायलला म्हणाल्या.

मी कात्री लावली. तीसच्या तीस कोट मी कापले. चांगले कापले. काठ कुठं हलू दिला नाही. प्रत्येक कोटाला मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मॅडमचं नाव पुण्यापर्यंत जाऊ दे, मग एका बादलीत बुडू दे, असं मनात म्हणत होतो. एकदा काज करताना मनात आलं, हा कोट तर आम्रपालीचा आहे. मी ते मनातून काढून टाकलं आणि पुढचं काज घेतलं.

दसऱ्याला माल पुण्याला गेला. पेपरात चार ओळी आल्या, त्यात मॅडमचं नाव. मॅडमनी कात्रण फ्रेम करून क्लासच्या भिंतीवर लावलं. मी रोज ते वाचायचो. मला थांबायला जमतं. लेथवर मोठा जॉब लावला की आठ-आठ तास थांबावं लागतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी भरतेशअण्णा आले. हातात एक कोट. त्यांनी तो कापायच्या टेबलावर टाकला.

"मॅडम, हे काय हाय?"

मॅडमनी कोट उचलला. बाह्या निम्म्या झाल्या होत्या. बाहेरचं कापड आटलेलं, आतलं अस्तर तसंच, त्यामुळं अस्तर खालून घागऱ्यासारखं लोंबत होतं.

अण्णा म्हणाले, "दुकानाचा नियम हाय. विकायच्या आदी एक नग पाण्यात घालून बघायचा. एक घातला, मग खात्रीला दुसरा घातला. तीस बायकांना मागितले हुते, तुमी तीस पोरींना दिले. आता उरलेले अठ्ठावीस काय पाटी लावून विकू? 'पावसात जाऊ नये'?"

कुणी हसलं नाही. मॅडम लोंबतं अस्तर आत खोचायला बघत होत्या. याच क्षणासाठी मी अकरा महिने सुई धरली होती. मी भिंतीला टेकून बघत राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, खरं सांगते. हे डिझाइन माझं नाहीच. माझ्याकडे एक बाई होती, आम्रपाली खरात. दहिवडीकडची. तिच्या फाइलवरून केलं. त्या फाइलमध्येच चूक होती. भिजवण्याचं तिनं काही लिहिलंच नव्हतं. खांद्याचं मापसुद्धा चुकीचं होतं. अर्धवट शिकलेली बाई, तिच्यावर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक."

वर्षभर मला जे वाक्य ऐकायचं होतं ते पंधरा मुलींसमोर आलं. डिझाइन आम्रपालीचं. आणि ते तिला दोष द्यायला आलं.

मी गप्प बसलो असतो तर मॅडम बुडाल्याच होत्या. पण त्यांच्याबरोबर आम्रपालीचं नावही बुडत होतं. आता पुण्यात, सांगलीत सगळीकडे हेच कळणार, की कोट बिघडवणारी ती होती. हे माझ्या 'न्हाई'मुळं झालं होतं. मला याचा विचारच सुचला नव्हता. मॅडम खरं बोलतील, हे माझ्या हिशेबात कुठं नव्हतंच.

मी पुढं आलो. "अण्णा, तिची चूक न्हाई. घोंगडी भिजवायची असती हे तिला माहीत हुतं. बिराप्पानं मलाबी सांगितलं हुतं. मॅडमनी विचारलं तवा मी न्हाई म्हणलो."

अण्णांनी सुपारी गालात सरकवली. "आणि का रं गड्या?"

"यांनी माझ्या बायकोची फाइल चोरली म्हणून."

मॅडम ओरडल्या. "बघा! ऐकलंत ना सगळ्यांनी? यानं मुद्दाम केलं! मी पोलिसात जाईन!"

"जावा," मी म्हणालो. "अर्जात लिवा, ह्या माणसानं असं का केलं. मी कुणाचा नवरा, आणि फाइल कुणाची. आत्ता तुमीच सांगितलं तसं लिवा."

माझ्यावर दोष घालायचा तर आधी स्वतःची चोरी सांगावी लागत होती. पायल मागून म्हणाली, "मॅडम, मग ती असिमेट्री आमी वहीतनं खोडायची का?"

"गप बस गं," अण्णा म्हणाले. पण त्यांनाही हसू आवरलं नाही. मग ते माझ्याकडे वळले, तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तू लय शाणा समजू नगंस. ह्या बाईनं फाइल चोरली. तू काय केलंस? त्या म्हाताऱ्यानं चार म्हैने इणलेलं घालवलंस. त्याला जाऊन सांग, आणि मग सोमवारी दोघं माझ्या दुकानात या. मी पुण्याला पत्र धाडणार हाय. त्यात जे खरं ते सारं जाईल, न्हाईतर माझा-तुमचा संबंध संपला."

रविवारी दहिवडीला गेलो. आटलेला कोट बिराप्पाच्या पुढ्यात ठेवला आणि काय केलं ते सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो कोटाचं कापड बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "कातरलंयस मातुर ब्येस." आणि थोड्या वेळानं, "आमरीनं असं केलं नसतं."

मी म्हणालो, "व्हय. तिनं केलं नसतं. मी केलं."

त्याची माफी मागितली. त्यानं ती दिली नाही. चहा दिला. आणखी सूत आहे का विचारलं, तर म्हणाला, "बघू. तुझ्या हातात न्हाई देणार. अण्णा आलं तर बघू."

सोमवारी अण्णांच्या दुकानात मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. अण्णांनी गादीवर कागद आणि पेन ठेवलं. ठरलं ते असं. पत्र मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहायचं. डिझाइन कुणाचं ते आधी. मग कोट का बिघडले ते, त्यात माझं नाव. खाली दोघांच्या सह्या. नवीन कोट भिजवलेल्या कापडाचे, मी कापायचे, आणि आत पट्टीवर आम्रपालीचं नाव. माझं नाव पत्रात जाणार याचं मला काही वाटलं नाही. मॅडमना मात्र पेन उचलवत नव्हतं.

"लिवा," मी म्हणालो.

मॅडमनी लिहायला घेतलं. 'सदर कोटाचे डिझाइन हे माझे नसून कै. आम्रपाली मिलिंद खरात यांचे...'

"थांबा," मी म्हणालो. "ते कै. काढा."

"का? त्या वारल्या आहेत ना? गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात."

"तुमी लावता. कैलासवासी. आमी बौद्ध हाय, आमची माणसं कैलासाला जात न्हाईत. कालकथित लिवा."

"काल... काय?"

"कालकथित."

अकरा महिने त्यांनी मला शब्द शिकवले होते. हा त्यांना माहीत नव्हता. त्यांनी 'कै.'वर रेघ मारली आणि वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहायला लागल्या.

"खाडाखोड नको. नवा कागद घ्या."

"मिलिंद, एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढ्याशाच गोष्टीसाठी."

मॅडमनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सुपारी कातरत होते, त्यांनी मान वर केली नाही. मॅडमनी दुसरा कागद घेऊन पहिल्यापासून लिहिलं. मी वाकून बघितलं. त्यांनी 'कालकथीत' लिहिलं होतं.

"थि ऱ्हस्व," मी म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटेल असं मला आधी वाटलं होतं. अण्णांनी कागदांची थप्पी त्यांच्याकडे सरकवली. त्या दिवशी मी कारखान्यातून रजा घेऊन आलो होतो, मला कुठं जायचं नव्हतं. मॅडमनी तिसरा कागद घेतला, तेव्हा मी चपला काढून गादीवर नीट मांडी घालून बसलो.